फिरत्या घरातील विजेचा हिशेब : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मोटारीच्या सांगाड्यात बिछाना, चूल व शीतकपाट बसवून तिचे राहते घर करण्याची प्रथा युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया या खंडांत चांगलीच रूढ झाली आहे. अशा ‘कॅम्पर व्हॅन’च्या छपरावर सौरफलक दिसला, की या घराची वीज सूर्यापासून येते, असे आपण सहज म्हणून जातो. हे विधान खोटे नाही, पण अपुरे आहे. फिरत्या निवाऱ्याला वीज पुरविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास पाहिला, तर विजेचा उगम स्थानकाकडून गतीकडे व गतीकडून आकाशाकडे सरकत गेलेला दिसतो. व्यवस्थेचे केंद्र मात्र आरंभापासून बॅटरी हेच राहिले आहे. या इतिहासाचा आजच्या नियोजनाशी असलेला संबंध दाखविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुनःपुन्हा भारित करता येणारा शिसे-आम्ल घट गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सिद्ध केला. १८८१ मध्ये कामिय फोर याने शिशाच्या पत्र्यांवर ऑक्साइडचा लेप देण्याची रीत काढली आणि हा घट प्रयोगशाळेबाहेर पडला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडन ते ब्रायटन या लोहमार्गावर ‘बिअ‍ॅट्रिस’ नावाचा पुलमन डबा फोरच्या घटांवर उजळून धावला. चालत्या निवाऱ्यातील विजेचा हा अगदी आरंभीचा प्रयोग होय. परंतु हे घट भारित करावयाचे ते स्थानकावर. दिवा प्रवास करीत होता. वीज मात्र स्थानकाला बांधलेली होती.

हे बंधन सैल केले ते गतीने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डब्याच्या आसावर चालणारा डायनामो व त्याच्या जोडीला बॅटरी अशी योजना प्रचारात आली. इंग्लंडमधील जे. स्टोन कंपनीची पद्धती यांत विशेष प्रसिद्ध होती, आणि भारतीय रेल्वेच्या डब्यांतही आसावरच्या डायनामोचीच वीज दीर्घकाळ वापरली गेली. या योजनेत एक अडचण होती. गाडी मंदावली, की डायनामोचा दाब घटतो. अशा वेळी बॅटरीतील प्रवाह उलटा डायनामोत वाहू लागेल. म्हणून दाब ठराविक मर्यादेखाली जाताच जोडणी आपोआप तोडणारी कळ बसवावी लागली. सौरफलक व बॅटरी यांच्यामध्ये आज जो नियंत्रक बसवितात, तो रात्री हेच काम करतो. उपकरण बदलले, प्रश्न जुनाच आहे.

मोटारीत बॅटरीचे स्थान पक्के झाले ते १९१२ मध्ये, कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसला तेव्हा. पुढे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन मोटारी ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आल्या. १९५१ मध्ये जर्मनीतील वेस्टफालिया कंपनीने फोक्सवॅगनच्या गाडीत बसविण्याजोगे गृहसाहित्य बाजारात आणले. घर मोटारीत आले, तेव्हा त्याला मोटारीचीच विद्युत्‌व्यवस्था वारशाने मिळाली. आजच्या बहुतेक फिरत्या घरांत १२ व्होल्ट आढळतात ते या वारशामुळे. घरगुती सोयीचा विचार करून हा आकडा कोणी निवडलेला नाही.

वारशाबरोबर त्याचे दोषही आले. स्टार्टरची बॅटरी क्षणभर प्रचंड प्रवाह देण्यासाठी घडविलेली असते. तिच्या पातळ पत्र्यांना रात्रभर दिवा व पंखा चालविणे मानवत नाही. शिवाय ती रिकामी झाली, तर सकाळी गाडीच सुरू होणार नाही. म्हणून घरासाठी जाड पत्र्यांची दुसरी बॅटरी आणि दोहोंना वेळेवर जोडणारा-तोडणारा रिले अशी विभागणी रूढ झाली. तथापि, मुक्कामाच्या जागी गाडी उभी राहिली, की गतीचा झरा आटतो, आणि राहण्यासाठी केलेली गाडी बराच काळ उभीच असते.

येथे आकाशाची गरज लागते. प्रकाशापासून वीज निर्माण होते हे एदमों बेकरेल याने १८३९ मध्येच दाखविले होते. परंतु उपयुक्त सिलिकॉन घट चॅपिन, फुलर व पिअर्सन यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार केला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. उष्ण व दमट प्रदेशांत टेलिफोनच्या कोरड्या बॅटऱ्या लवकर निकामी होत. त्यांना पर्याय शोधणे, हा चॅपिनपुढील मूळ प्रश्न होता. १९५५ मध्ये जॉर्जिया राज्यातील अमेरिकस या गावी ग्रामीण टेलिफोनसाठी जी चाचणी झाली, तीतही फलकाला बॅटरीची जोड होती. रात्रीची व ढगाळ दिवसांची वीज तीच पुरवी. १९५९ मधील एक्सप्लोरर-६ उपग्रहावरही सौरघट बॅटऱ्या भारित करीत. १९७० नंतरच्या दशकात फलक स्वस्त होऊ लागले आणि कालांतराने मोटारघराच्या छपरावर पोहोचले. म्हणजे सौरघट फिरत्या घरात आला तो अगदी शेवटी, आणि आधीच घडलेल्या एका व्यवस्थेत.

या क्रमावरून नियोजनाची दिशा ठरते. फलक नजरेत भरतो म्हणून पुष्कळजण त्याच्यापासून आरंभ करतात. वस्तुतः आरंभ खर्चापासून करावयास हवा. एक उदाहरण घेऊ. शीतकपाटाला दिवसाला ४८० वॅट-तास, २५ वॅटच्या पंख्याला ८ तासांचे २००, दिव्यांना ४० व संगणक-दूरध्वनींना १८० धरले, तर बेरीज ९०० वॅट-तास होते. १२ व्होल्टवर हे ७५ अँपिअर-तास झाले. दोन दिवस ऊन नसेल असे मानले, तर १५० लागतील. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करणे हिताचे नसल्याने ती ३०० अँपिअर-तासांची हवी. पाधी, नंजुंडस्वामी व गुडइनफ यांनी १९९७ मध्ये ज्याचे गुणधर्म प्रसिद्ध केले, त्या लिथियम-लोह-फॉस्फेटच्या बॅटरीचा ८० टक्के भाग वापरता येतो. तेथे सुमारे १९० पुरतात, आणि वजनही पुष्कळच घटते.

यानंतर फलक. दिवसाला ४ तासांच्या पूर्ण उन्हाइतका प्रकाश मिळतो व त्यातील ७० टक्के हाती येतो असे धरले, तर सुमारे ३२० वॅटचा फलक पुरेल. हाच हिशेब लंडनच्या डिसेंबरात, अर्ध्या तासाच्या उन्हावर मांडला, तर सुमारे २,६०० वॅट लागतील. एवढे फलक लहान गाडीच्या छपरावर मावणार नाहीत. तेथे पुन्हा इंजिनाकडे व मुक्कामाच्या जागेवरील वीजजोडणीकडे, म्हणजे गतीकडे व स्थानकाकडेच वळावे लागते.

१२ व्होल्टच्या वारशाची किंमत तारांतही मोजावी लागते. १,००० वॅटचे उपकरण २३० व्होल्टवर ४ अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह घेते. तेच इन्व्हर्टरमार्फत चालविले, तर बॅटरीतून ८३ अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो. म्हणून तारा जाड व आखूड हव्यात, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. लाकडी भिंतींच्या या घरात तापलेली तार म्हणजे आगीला निमंत्रण होय.

सौरफलकाने फिरत्या घराला स्वातंत्र्य दिले असे म्हटले जाते. इतिहासाचा कौल किंचित निराळा आहे. नवा उगम आला म्हणून जुने उगम नाहीसे झाले नाहीत. स्थानक, गती व आकाश ही तिन्ही आजही त्याच एका बॅटरीत येऊन मिळतात. या घराचे स्वातंत्र्य फलकाच्या आकारापेक्षा गृहस्थाच्या हिशेबावर अधिक अवलंबून आहे.