मी तेव्हाच म्हणालो होतो!

बँकेच्या हिशेबात एकदा केलेली नोंद खोडता येत नाही. चुकली तर उलट नोंद करावी लागते, तिच्यावर सही घ्यावी लागते आणि सही देताना साहेब जे चार शब्द बोलतात ते मुकाट ऐकावे लागतात. सिनेमाविषयीच्या मतांना हा नियम लागू नाही. थिएटरातून बाहेर पडतापडता ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणणारा गृहस्थ वीस वर्षांनी ‘असा सिनेमा पुन्हा होणे नाही’ म्हणतो, आणि वर ‘मी तेव्हाच म्हणालो होतो’ असेही ठोकून देतो. त्याच्याकडे जुने व्हाउचर कोणी मागत नाही. तेव्हा या मतांचा जमाखर्च एकदा कुणीतरी तपासायला हवा, म्हणून हा खटाटोप.

आपल्याकडे सिनेमा आला तो ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. ल्युमिएर बंधूंची सहा छोटी चित्रे आणि तिकीट १ रुपया. त्यातल्या एका चित्रात आगगाडी स्टेशनात येते. बस्स, एवढीच गोष्ट. त्या काळच्या रुपयात खऱ्या आगगाडीत बसून चांगले लांबवर जाऊन येता आले असते, हे कुणीतरी बोलल्याशिवाय राहिला असेल असे मला वाटत नाही. पुढे हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि स्वस्तातले तिकीट ४ आण्यांवर आले. सर्वसामान्य माणसाला मत देण्याचा अधिकार मिळाला तो तेव्हापासून.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मात्र हा नवा चमत्कार पाहून नुसत्या गप्पा छाटल्या नाहीत. ते फोटोग्राफर होते. त्यांनी सरळ विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. सिनेमा पाहून इतके रोखठोक मत त्यानंतर फार थोड्यांनी दिले असेल. आम्ही बाकीचे खारे दाणे मागवतो.

मित्रामित्रांत खरी जुंपावी असा सिनेमा आला १९१७ मध्ये : दादासाहेब फाळक्यांचा ‘लंकादहन’. यात राम झाले होते अण्णा साळुंके आणि सीता झाली होती... अण्णा साळुंकेच! ‘रामापेक्षा सीतेचे काम सरस’ असे एकाने म्हणावे, ‘छे, रामच उजवा’ असे दुसऱ्याने ओरडावे, आणि दोघेही बरोबर ठरावेत, असा योग पुन्हा नाही. आमच्या सगळ्या भांडणांत दोन्ही बाजूंना असे अण्णा साळुंके मिळते, तर किती मैत्र्या वाचल्या असत्या!

कारण मत ही चीज वाटते तितकी फुकट नसते. १९५९ मध्ये गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ लागला आणि प्रेक्षकांनी तो सपशेल नाकारला. त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून आपले नाव एकाही चित्रपटाला लावले नाही. आज त्याच सिनेमाला अभिजात म्हणतात. उलट नोंद झाली खरी; पण खातेदार १९६४ मध्येच निघून गेला होता.

‘शोले’चेही असेच होणार होते. १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला तेव्हा धंद्यातले जाणकार माना हलवू लागले. जयला मारायला नको होते, शेवट बदलू या, इथपर्यंत विचार गेला. नशीब, कोणी घाई केली नाही. ज्यांनी पाहिला त्यांनी शेजाऱ्याला सांगितले, शेजाऱ्याने मेव्हण्याला, आणि मिनर्व्हात सिनेमा पाच वर्षांहून अधिक मुक्काम ठोकून राहिला. आमच्या वडिलांच्या पिढीत ‘शोले पडणार’ असे म्हणालेला एकही माणूस मला भेटलेला नाही. मग त्या पहिल्या दिवसांत माना हलवल्या कोणी?

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी माझीच नोंद दाखवतो. १९९४ च्या नोव्हेंबरात, अकरावी कॉमर्सला असताना, आम्ही पाच मित्र ‘अंदाज अपना अपना’ला गेलो होतो. बाहेर येऊन मी निकाल जाहीर केला, “शुद्ध पोरकटपणा!” तिघांनी री ओढली. एकटा पक्या म्हणाला, “मला आवडला बुवा. लोक लक्षात ठेवतील.” आम्ही त्याला घरापर्यंत ‘परीक्षक महाशय’ म्हणत नेले. पुढचे वर्षभर कुठल्याही सिनेमाचा विषय निघाला की, “थांबा, आधी परीक्षक महाशयांना विचारू!” पक्याने मत देणे सोडून दिले. काहीही विचारा, “ठीक होता,” एवढेच म्हणायचा. आणि ते आमच्या लक्षातसुद्धा आले नाही.

गेल्या पावसाळ्यात पाचही जण माझ्याकडे जमलो होतो. टीव्हीवर तोच सिनेमा लागला. एव्हाना तो साऱ्यांना तोंडपाठ. पडद्यावरच्या माणसाने तोंड उघडण्याआधी आमचे संवाद म्हणून होत होते. “मी तेव्हाच म्हणालो होतो,” एक म्हणाला. “मीसुद्धा,” दुसरा. माझेही तोंड उघडले होते, तेवढ्यात समोर पक्या दिसला. तो खाली मान घालून भजी खात होता.

“तू नव्हतास म्हणालास,” मी त्या पहिल्याला म्हटले. “मीही नव्हतो. एकटा पक्या म्हणाला होता, आणि आपण त्याला वर्षभर छळला.”

खोलीत जरा शांतता झाली. पक्याने बशीतून मान वर केली. “भज्यांत मीठ कमी आहे,” तो म्हणाला.

तीस वर्षांनी पक्याने मत दिले होते. खरे सांगायचे तर मला ती भजी चांगली खारट लागत होती. पण मी काही बोललो नाही. उठलो आणि स्वयंपाकघरातून मीठ घेऊन आलो.