धर्मगुरूचे मौन आणि हिचकॉकचा रहस्यपट

गुंतागुंतीच्या कथानकाचे रहस्यपट आमच्या ख्रिस्ती कुटुंबांतून आवडीने पाहिले जातात, आणि त्यात काही वावगे आहे असे आम्हांस वाटत नाही. खून कोणी केला हे अखेरपर्यंत झाकून ठेवायचे, संशयाची सुई एकाकडून दुसऱ्याकडे फिरवायची आणि शेवटी भलत्याच माणसाला प्रेक्षकांपुढे उभे करायचे, ही या चित्रपटांची ठरलेली रीत. १९५३ साली पडद्यावर आलेल्या आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘आय कन्फेस’ने ही रीत आरंभीच मोडली. खुनी कोण हे प्रेक्षकांस पहिल्या काही मिनिटांतच कळते. धर्मगुरूलाही कळते. कळत नाही ते पोलिसांना. आणि ज्याला ठाऊक आहे त्याने बोलावयाचे नाही.

हिचकॉक यांचा जन्म १८९९ साली लंडनमधील एका कॅथोलिक कुटुंबात झाला. तेथील सेंट इग्नेशियस या येशूसंघीयांच्या विद्यालयात ते शिकले. त्यांच्या अनेक चित्रपटांत निरपराध माणसावर आळ येतो. पण हा आळ धर्मगुरूवर आणि तोही त्याच्या धर्मकर्तव्यामुळेच यावा, ही कल्पना त्यांनी याच चित्रपटात हाताळली. चित्रीकरणासाठी त्यांनी कॅनडातील क्वेबेक हे फ्रेंच भाषक, त्या काळी कडवे कॅथोलिक असलेले शहर निवडले. रस्त्यावरून पायघोळ झगा घालून चालणारा धर्मगुरू तेथे कोणाच्या नजरेत भरत नसे, आणि कथानकाला तर हेच हवे होते.

ऑटो केलर हा जर्मन निर्वासित आपल्या पत्नीसह धर्मगुरूंच्या निवासस्थानी कामास असतो. विलेट नावाच्या वकिलाच्या घरी चोरी करताना तो वकिलाचा खून करतो आणि त्याच रात्री फादर मायकल लोगन यांच्यापाशी पापनिवेदन करतो. खुनाच्या वेळी त्याने अंगावर झगा चढविलेला असल्यामुळे घराबाहेर पडताना ज्या मुलींनी त्याला पाहिले, त्या ‘एक धर्मगुरू दिसला’ अशी साक्ष देतात. पुढे असे उघडकीस येते की, दीक्षा घेण्यापूर्वी लोगन यांचे जिच्यावर प्रेम होते, त्या स्त्रीला हा वकील धमकावून छळीत होता. म्हणजे खुनाला कारणही मिळाले! इन्स्पेक्टर लारू प्रश्न विचारतो आणि लोगन गप्प राहतात. जितके गप्प, तितके गुन्हेगार दिसतात. मॉन्टगोमेरी क्लिफ्ट या नटाने हे सारे केवळ डोळ्यांनी दाखविले आहे, आणि आमच्या मते चित्रपटाचे अर्धे यश त्यातच आहे. खटल्याचे पुढे काय होते ते आम्ही सांगणार नाही.

चित्रपट पाहिलेली माणसे आम्हांस हमखास एक प्रश्न विचारतात. केलरला खरा पश्चात्तापच झालेला नाही, मग त्याचे गुपित फादरने का राखावे? उत्तर असे की, गुप्ततेचे बंधन पापक्षमा मिळाली की नाही यावर अवलंबून नसते. खरा पश्चात्ताप दिसत नसेल तर धर्मगुरू पापक्षमा नाकारू शकतो, पोलिसांच्या स्वाधीन हो असे कळकळीने विनवू शकतो. परंतु ऐकलेले उघड करू शकत नाही, स्वतःचा जीव वाचविण्यासाठीसुद्धा नाही. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे असा नियम केला, आणि त्याच कलमात ते गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूस पदच्युत करून आजन्म प्रायश्चित्तासाठी मठात डांबावे असेही म्हटले. आजच्या धर्मशास्त्रात त्यासाठी ख्रिस्तसभेतून बहिष्काराची शिक्षा आहे.

प्रागचे संत जॉन नेपोमुक यांना १३९३ साली राजाच्या हुकुमावरून नदीत बुडविण्यात आले. राणीचे पापनिवेदन राजाला सांगितले नाही म्हणून, असे परंपरा सांगते. समकालीन कागदपत्रांत मात्र एका मठाधिपतीच्या निवडीवरून झालेले भांडण आढळते. इतिहास म्हणून आम्हांस अधिक भरवशाचे वाटते ते न्यूयॉर्कचे प्रकरण. तेथे १८१३ साली फादर अँथनी कोलमन या येशूसंघीयांनी चोरीस गेलेला माल मूळ मालकाला परत पोहोचविला. चोर कोण, हे न्यायालयापुढे सांगण्यास त्यांनी नकार दिला. न्यायालयाने तो नकार मान्य केला आणि १८२८ मध्ये त्या राज्याने तसा कायदाच केला. मेक्सिकोत १९२७ साली फादर मातेओ कोर्रेआ यांनी कैद्यांची पापनिवेदने सांगण्याचे नाकारले, तेव्हा सैनिकांनी त्यांना गोळ्या घातल्या. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली त्यांना संतपद दिले.

हिचकॉक यांना हा चित्रपट ज्या नाटकावरून सुचला, ते पॉल आंतेल्म या टोपणनावाने लिहिलेले फ्रेंच नाटक १९०२ सालचे आहे. फ्रान्समध्ये त्या वेळी सरकार आणि ख्रिस्तसभा यांच्यात उभा दावा होता. अर्धशतकानंतर हॉलिवुडमध्ये तो संदर्भ उरला नव्हता. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यांच्याशी १९६२ साली झालेल्या दीर्घ संभाषणात हिचकॉक यांनी या चित्रपटाविषयी खंत व्यक्त केली. कॅथोलिकांना लोगनचे मौन समजते. इतरांना मात्र एखादा माणूस अशा कारणासाठी फासावर जाण्यास तयार होईल हे पटतच नाही, म्हणून हा चित्रपट काढावयासच नको होता, असा त्यांचा सूर होता. आमचे मत निराळे आहे. ज्याला ते मौन पटत नाही, त्याच्यासाठीही हा रहस्यपटच आहे. फक्त त्याच्या दृष्टीने रहस्य खुनाचे नसून त्या धर्मगुरूचे आहे.

ही शंका आता पडद्यापुरती राहिलेली नाही. ऑस्ट्रेलियात बालकांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१७ साली अंतिम अहवाल दिला. त्यानंतर व्हिक्टोरियाने २०१९ मध्ये आणि क्वीन्सलँडने २०२० मध्ये, असे शोषण पापनिवेदनात कळले तरी ते कळविणे धर्मगुरूंवर बंधनकारक करणारे कायदे केले. आपल्या देशातही २०१८ साली, केरळमधील एका प्रकरणानंतर, राष्ट्रीय महिला आयोगाने पापनिवेदनाची प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली होती. आमच्यासारख्यांना हे ऐकून वाईट वाटते. पण ही मागणी द्वेषातूनच आली असे म्हणणे खोटेपणाचे होईल. धर्माधिकाऱ्यांनी आपल्या कचेऱ्यांतील फायलींत जे दडवून ठेवले, त्याला कोणतीही पवित्र गुप्तता लागू नव्हती. त्या मौनाने या मौनाची पत घालविली. लोगन गप्प राहून स्वतः सोसतात. तेथे गप्प राहणारे निराळे होते आणि सोसणारी मुले निराळी.

क्वेबेकचेच दिग्दर्शक रोबेर लपाज यांनी १९९५ साली ‘ल कॉन्फेस्योनाल’ हा चित्रपट काढला. १९५२ साली ‘आय कन्फेस’चे चित्रीकरण चालू असताना एक अविवाहित गरोदर मुलगी एका तरुण धर्मगुरूजवळ पापनिवेदन करते. संशय त्या धर्मगुरूवरच येतो आणि त्याचे तोंड बांधलेले असते. १९८९ साली, मोठा झालेला तो मुलगा आपला बाप कोण याचा शोध घेतो. हा शोध फारच वाकड्या वाटांनी जातो आणि उत्तर मिळते तेव्हा आधीची कितीतरी दृश्ये नव्या अर्थाने आठवतात. आधी ‘आय कन्फेस’ पाहावा, मग हा. मात्र हा दुसरा चित्रपट मुले झोपल्यावर पाहिलेला बरा.