गेर्साऊ : एका खेड्याचें प्रजासत्ताक

स्वित्झर्लंडच्या मध्यभागीं लूसर्न शहरापासून आग्नेयीकडे जें मोठें सरोवर पसरलें आहे, तें नकाशावर पाहिल्यास एखाद्या वेड्यावांकड्या क्रुसासारखें दिसतें. जर्मन भाषेंत त्याला ‘चार वनप्रांतांचें सरोवर’ असें लांबलचक नांव आहे. परके लोक त्याला लूसर्नचें सरोवर एवढेंच म्हणतात. या सरोवराच्या उत्तर कांठावर, रिगी पर्वताच्या दक्षिण पायथ्याशीं, गेर्साऊ नांवाचें एक गांव आहे. वस्ती आज तेवीस-चोवीसशें माणसांची. आगबोटींतून जाणारा उतारू चर्चचें शिखर, धक्क्याजवळचीं घरें व वरचीं हिरवीं कुरणें पाहतो न पाहतो तोंच गांव मागें पडतें. परंतु या गांवानें १३९० पासून १७९८ पर्यंत, म्हणजे चारशें आठ वर्षें, आपला कारभार आपणच पाहिला. तेथें सरदार नव्हता, सुभेदार नव्हता, शेजारच्या शहराचा अंमलदारहि नव्हता. गांवाचा प्रमुख गांवानें निवडावयाचा, कायदा गांवानें करावयाचा आणि गुन्हेगारास देहान्ताची शिक्षा द्यावयाची असली तरी तीहि गांवाच्याच न्यायासनानें द्यावयाची, असा हा प्रकार होता. युरोपांतील अगदीं चिमुकल्या प्रजासत्ताकांत त्याची गणना होत असे.

हें कसें घडलें तें समजण्यास प्रथम जागा ध्यानांत घेतली पाहिजे. सरोवराचें पाणी समुद्रसपाटीपासून ४३४ मीटर उंचीवर आहे. गांवाच्या पाठीशीं रिगीचें होखफ्लू नांवाचें शिखर सुमारें १,७०० मीटरांपर्यंत चढत गेलें आहे. पाणी व शिखर यांमधील अंतर थोडें, चढ मात्र विलक्षण. डोंगरांतून उतरणाऱ्या ओढ्यांनीं आणलेला गाळ सरोवराच्या तोंडाशीं पंख्यासारखा पसरला, त्या पंख्यावर गांव बसलें. दोन्ही अंगांस डोंगराचे कडे पाण्यापर्यंत उतरलेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कांठाकांठानें रस्ता खोदला जाईपर्यंत गेर्साऊस जावयाचें तर नाव तरी वल्हवावी लागे किंवा डोंगरांतील पायवाट तरी तुडवावी लागे. उत्तरेचे थंड वारे रिगीनें अडविलेले, समोर दक्षिणेचें ऊन आणि खालीं उष्णता सांठवून ठेवणारें पाणी, यामुळें या बर्फाच्या देशांत येथें अंजीर व चेस्टनट वाढतात. दक्षिणेकडील डोंगरांवरून ‘फ्योन’ नांवाचा गरम वारा सुटला कीं मात्र हेंच शांत सरोवर असें खवळतें कीं, जुन्या काळीं नावाडी नाव सोडण्यास धजत नसत.

जमीन थोडी व तीहि उभी. सरोवराचा हिस्सा धरूनहि गांवाची हद्द सुमारें चोवीस चौरस किलोमीटर भरते. अशा गांवावर कोणाचा डोळा जावा असें कांहीं नव्हतें. आणि तरी मध्ययुगांत धनी नाहीं अशी जमीन नसे. गेर्साऊची जमीन प्रथम मुरी येथील मठाकडे होती. हा मठ अकराव्या शतकांत हाब्सबुर्ग घराण्यानें स्थापिला. तेव्हां मठामागोमाग त्या घराण्याचीहि सत्ता आली. हेंच घराणें पुढें ऑस्ट्रियाच्या गादीवर बसलें. चौदाव्या शतकांत पैशाची नड भासली तेव्हां त्यानें गेर्साऊवरील सारा घेण्याचा व न्यायनिवाडा करण्याचा हक्क लूसर्नच्या नागरिकांकडे गहाण टाकला, आणि तो फॉन मोस या कुळाच्या हातीं आला. एखादें वतन सावकाराच्या पेटींत जाऊन पडावें, तसें हें गांव पडलें.

याच सुमारास सरोवराभोंवतालच्या उरी, श्विट्झ व उंटरवाल्डेन या तीन वनप्रांतांनीं आपसांत एकजूट केली होती. १३३२ सालीं लूसर्न त्यांना मिळालें आणि त्याबरोबर गेर्साऊ व शेजारचें वेगिस हीं दोन गांवें या एकजुटींत ओढलीं गेलीं. १३५९ सालीं चौघांनीं या नात्यास लेखी करारानें पक्केपणा आणला. संकटांत चौघांनीं गांवाचें रक्षण करावें व चौघांना युद्धांत गांवानें माणसें पुरवावीं, असें तें नातें. १३८६ सालीं झेंपाखच्या रणांगणावर स्विसांनीं ऑस्ट्रियाच्या ड्यूकचा पराभव केला, त्या लढाईंत गेर्साऊचे लोक होते आणि त्यांनीं होहेनझोलर्न घराण्याचें निशाण जिंकून आणलें, असें गांवची परंपरा सांगते.

परंतु खरी गोष्ट निशाणाची नाहीं, खरेदीखताची आहे. झेंपाखनंतर चार वर्षांनीं, ३ जून १३९० रोजीं, गेर्साऊच्या लोकांनीं फॉन मोस कुळाकडून आपल्यावरचा अंमलाचा हक्क स्वतःच विकत घेतला. किंमत ठरली ६९० पौंड पफेनिग. त्या काळीं पौंड हें नाणें नव्हतें, तो हिशेबाचा आंकडा होता. २४० पफेनिगांचा एक पौंड धरीत. म्हणजे मोजावयाचीं चांदीचीं बारीक नाणीं झालीं १,६५,६००. गाई, चीज, मासे व थोडें लांकूड यांखेरीज विकण्यास जवळ कांहीं नसलेल्या गांवाला ही रक्कम केवढी वाटली असेल, याची कल्पना आंकड्यावरूनच यावी. राजाच्या सैन्यास पिटाळून स्वतंत्र झालेल्या लोकांच्या कथा पुष्कळ आहेत. सावकाराचें गहाणखत स्वतःच सोडवून घेऊन स्वतंत्र झालेल्या खेड्याची कथा विरळा, आणि विचार करणाऱ्यास ती कमी शौर्याची वाटूं नये.

या खरेदीचें मोल वेगिसकडे पाहिल्यावांचून कळत नाहीं. वेगिस त्याच पर्वताच्या पायथ्याशीं, त्याच कांठावर, पश्चिमेकडे थोड्या कोसांवर आहे. उन्ह तेंच, अंजिरें तींच, करारहि तोच. परंतु १३८० सालीं, म्हणजे गेर्साऊच्या खरेदीपूर्वीं दहा वर्षें, वेगिसवरील अंमलाचा हक्क लूसर्न शहरानें विकत घेतला. जो कालपर्यंत मित्र होता तो धनी झाला. वेगिसच्या लोकांनीं पुढें तक्रारी केल्या, भांडणें केलीं. लूसर्ननें हातीं आलेला हक्क सोडला नाहीं. एका गांवाचा कागद शहराच्या दप्तरांत गेला, दुसऱ्याचा गांवाच्याच पेटींत राहिला. दोन गांवांच्या पुढील चारशें वर्षांत जो फरक पडला तो एवढ्यानेंच.

१४३३ सालीं सम्राट सिगिस्मुंड यानें गेर्साऊच्या स्वातंत्र्यास मान्यता दिली. त्याचा अर्थ असा कीं, गांव आणि बादशहा यांच्यामध्यें कोणी मधला धनी उरला नाहीं. आणि बादशहा तर फारच लांब होता. त्याच शतकांत गांवानें आपल्या चर्चचा धर्मोपदेशक नेमण्याचा हक्कहि खरेदी केला. धर्मसुधारणेच्या वादळांत सारी युरोपखंडें ढवळून निघालीं, पण गेर्साऊ शेजाऱ्यांबरोबर कॅथॉलिकच राहिलें.

कारभाराची रीत साधी होती. गांवचे पुरुष मोकळ्या मैदानांत जमत, हात वर करून मत देत आणि ‘लांडाम्मान’ म्हणजे मुख्य निवडीत. कामेनझिंड, क्युटेल, निग अशीं कांहीं कुळें पिढ्यान्‌पिढ्या या सभेंत दिसतात. हेर्मान हेस या जर्मन ग्रंथकारानें १९०४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘पेटर कामेनझिंड’ या कादंबरीच्या नायकाचें आडनांव याच भागांतलें आहे. मात्र या प्रजासत्ताकाचें चित्र फार सोनेरी रंगानें रंगविणें योग्य नव्हे. मताचा हक्क जुन्या कुळांतील पुरुषांनाच होता. बाहेरून येऊन राहिलेला मनुष्य, मग तो दोन पिढ्या तेथें घाम गाळीत असला तरी, सामाईक कुरणाचा व रानाचा वांटेकरी होत नसे. स्त्रियांच्या मताचा तर प्रश्नच नव्हता. सबंध स्वित्झर्लंडांत संघराज्याच्या निवडणुकींत तो हक्क त्यांना १९७१ सालीं मिळाला. ज्यांनीं स्वातंत्र्य विकत घेतलें त्यांनीं तें आपल्याच वारसांकरितां ठेविलें, असें म्हटल्यास तें खोटें होणार नाहीं.

कुरणें वाढत नव्हतीं, माणसें वाढत होतीं. प्रजासत्ताकाच्या काळांत वस्ती हजाराच्या आगेमागे होती. तिला पोसण्यास अठराव्या शतकांत एक नवीन धंदा आला, तो रेशमाचा. हें रेशीम उंची, अखंड धाग्याचें नव्हे. रेशमी किडा कोसला फोडून बाहेर पडला म्हणजे धागा तुटतो. तसेंच चांगलें सूत उकलून घेतल्यावर कोसल्याचा कांहीं भाग उरतो. हा उरलासुरला माल इटलींतून डोंगरवाटांनीं व पुढें सरोवरांतून नावेनें गेर्साऊस येई. तेथील व्यापारी तो भोंवतालच्या खोऱ्यांतील घरोघर वांटीत. बायकामुलें तो उकळून त्यांतील डिंकासारखा चिकट भाग काढीत, विंचरीत आणि कातीत. तयार सूत पुन्हां व्यापाऱ्याकडे येई आणि परदेशीं जाई. गांवांत मोठीं दगडी घरें उठलीं तीं या सुताच्या बळावर. कामेनझिंड कुळाच्या रेशमाच्या पेढीचें मूळ १७३० सालापर्यंत मागें नेतां येतें. ज्या गांवास पूर्वीं रस्ता नव्हता त्याचा व्यवहार आतां मोठमोठ्या बाजारांशीं चालूं लागला. हातानें कातणाऱ्या बायकांना यांतून काय मिळालें हा निराळा विषय आहे. घरें व्यापाऱ्यांचीं मोठीं झालीं.

१७९८ सालीं फ्रेंच सैन्य स्वित्झर्लंडांत शिरलें. जुने सारे करार, सनदा व सवलती रद्द करून पॅरिसच्या नमुन्याचें एकच ‘हेल्वेटिक’ प्रजासत्ताक उभारण्यांत आलें. श्विट्झच्या लोकांनीं मे महिन्याच्या आरंभीं शर्थीची लढाई दिली व मग तह केला. स्वातंत्र्य व समता यांची ग्वाही देत आलेल्या सैन्यानें चारशें वर्षांचें एक प्रजासत्ताक मोडून टाकावें, यांतील विसंगति त्या वेळच्या गांवकऱ्यांनाहि जाणवली असेल. वनप्रांतांचें एक नवें मोठें कॅंटन करण्यांत आलें व गेर्साऊ त्यांत गेलें. १८०३ सालीं नेपोलियननें नवी घटना दिली तेव्हां तें श्विट्झ कॅंटनचा भाग झालें.

येथें इटलींतील सान मारिनोची आठवण होते. तेंहि असेंच चिमुकलें डोंगरी प्रजासत्ताक. १७९७ सालीं नेपोलियननें त्याची हद्द वाढवून देऊं केली; त्यानें नम्रपणें नकार दिला आणि तें आजहि स्वतंत्र आहे. गेर्साऊला असा प्रश्न कोणी विचारलाच नाहीं.

नेपोलियनचा पाडाव होतांच, १८१४ च्या आरंभीं, गेर्साऊच्या लोकांनीं पुन्हां सभा भरविली, पुन्हां लांडाम्मान निवडला आणि आपण पूर्वींप्रमाणें स्वतंत्र आहोंत असें जाहीर केलें. तीन-चार वर्षें तो कारभार चाललाहि. परंतु तोंपर्यंत व्हिएन्ना येथें युरोपचे मुत्सद्दी नकाशा नीट करण्यास बसले होते. २० मार्च १८१५ रोजीं त्यांनीं जाहीर केलें कीं, २९ डिसेंबर १८१३ या दिवशीं अस्तित्वांत असलेलीं एकोणीस कॅंटनें जशींच्या तशीं मान्य करण्यांत येत आहेत. त्यांत व्हॅले, जिनीव्हा व न्यूशाटेल हीं तीन नवीं मिळविलीं. गेर्साऊचें नशीब त्या एका तारखेंत अडकलें. २९ डिसेंबर १८१३ या दिवशीं तें कागदोपत्रीं श्विट्झचा भाग होतें. त्याची पुनःस्थापना झाली ती त्यानंतर कांहीं आठवड्यांनीं. १३९० चें खरेदीखत, १४३३ ची सनद यांपैकीं एकहि त्या तारखेपुढें टिकली नाहीं. १८१७ सालीं स्विस प्रांतांच्या प्रतिनिधिसभेनें निकाल दिला आणि १ जानेवारी १८१८ पासून, गांवाच्या मनाविरुद्ध, गेर्साऊ श्विट्झमध्यें कायमचें सामील झालें.

त्यानंतर रक्तपात झाला नाहीं, बंड झालें नाहीं. १८३७ सालीं सरोवरांत पहिली आगबोट आली. १८७१ सालीं शेजारच्या फिट्सनाऊपासून रिगीवर दांतेरी रुळांची आगगाडी चढूं लागली. तिच्यामागोमाग प्रवासी, खानावळी व हवा खाण्यास येणारी मंडळी आली. १८८२ सालीं गोटहार्डची मोठी आगगाडी पूर्वेकडील ब्रुन्नेनवरून गेली. गेर्साऊस मात्र रूळ आजवर पोंचले नाहींत. १९३० पासून समोरच्या बेकेनरीडपर्यंत मोटारी नेणारी नाव चालूं झाली.

श्विट्झ कॅंटनचे सहा जिल्हे आहेत. त्यांपैकीं एका जिल्ह्याचें नांव गेर्साऊ. आणि त्या जिल्ह्यांत गांव एकच आहे, तेंहि गेर्साऊच. जिल्ह्याची सभा तीच गांवची सभा. गांवकरी आजहि आपल्या गांवास ‘जुनें स्वतंत्र प्रजासत्ताक’ म्हणवितात, आणि श्विट्झचें सरकार त्यास हरकत घेत नाहीं.