चिकित्सेचा तिसरा पाद

पनवेल हें नांव आयुर्वेदप्रेमी कुटुंबांस फार दिवसांपासून परिचित आहे तें धूतपापेश्वर औषधी कारखान्यामुळें. कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं १८७२ सालीं त्याची स्थापना केली. त्याच पनवेल तालुक्यांत, खारघर येथें, टाटा स्मारक केंद्राची कर्करोगावरील उपचार, संशोधन व अध्यापन यांची मोठी संस्था २००२ सालापासून उभी आहे. एकीकडे काढे, आसवें व भस्में. दुसरीकडे किरणोपचार व शिरेंतून द्यावयाचीं जहाल औषधें. या दोन विद्यांत साम्य शोधूं गेल्यास एक मात्र निश्चित सांपडतें: दोहोंच्या ठायीं रोग्याच्या उशाशीं घरचें माणूस बसलेलें असतें. त्या माणसावर पडणाऱ्या ताणाचा रोग्याच्या सुखदुःखाशीं काय संबंध आहे, याचा इतिहासाच्या आधारें विचार करण्याचें योजिलें आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी हे ते चार होत. उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ राहून त्याची शुश्रूषा करणारा. उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग व शुचिता हे गुण त्याच्या अंगीं असावे, अशी अपेक्षा आहे. आमच्या प्राचीनांनीं शुश्रूषा करणाराला उपचाराच्या बाहेर उभें न ठेवतां त्याचा चतुर्थांश मानिला, ही गोष्ट त्यांस भूषणावह आहे. परंतु या चार गुणांच्या गणनेंत त्याच्या थकव्याला स्थान नाहीं. ज्याच्यापासून एवढें मागावयाचें, तोहि मनुष्यच आहे, हें पुढील पुष्कळ शतकें कोणाच्या फारसें ध्यानांत आलें नाहीं.

आधुनिक काळांत रोग्यासाठीं मोठीं साधनें निर्माण झालीं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या. त्यांचे पति सर दोराबजी पुढल्याच वर्षीं वारले. दोराबजींच्या नांवाच्या न्यासानें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तें १९५७ सालीं मध्यवर्ती सरकारच्या आरोग्य खात्याकडे व १९६२ सालीं अणुशक्ति खात्याकडे गेलें. कोंकण, खानदेश, वऱ्हाड इकडून रोगी तेथें येऊं लागले, आणि प्रत्येकाबरोबर एक-दोन माणसें आलीं. रुग्णालयाच्या दप्तरांत नांव रोग्याचें. केसपेपर घेऊन रांगेंत उभें राहणें, औषधें आणणें, रात्रीं बाकावर डोळा लागतो न लागतो तोंच उठणें हें या अनामिकांचें काम. दादर येथील गाडगेमहाराजांच्या नांवानें चालणाऱ्या धर्मशाळेनें अशा रोग्यांस व त्यांच्या आप्तांस आसरा दिला, हें त्या संताच्या शिकवणीस साजेसेंच झालें.

आतां हा ताण रोग्यापर्यंत कसा पोंचतो तें पाहूं. पहिला मार्ग डोळ्यांचा. अंथरुणावर पडलेल्या माणसाला दुसरें काम नसतें. तो घरच्यांचे चेहरे वाचीत असतो. पत्नीचे सुजलेले डोळे, मुलाची बुडालेली नोकरी, विकलेला दागिना, यांतलें कांहीं त्याच्यापासून लपत नाहीं. आपण घरास भार झालों, ही भावना त्याच्या मनांत घर करते; मग तो दुखणें सांगतच नाहीं. रात्रीं कळ आली तरी, दिवसभर राबून नुकत्याच निजलेल्या माणसाला हांक मारण्यापेक्षां तो ओठ आवळून पडून राहतो. वैद्यानें सकाळीं विचारलें तर उत्तर ठरलेलें: ‘बरें आहे.’

दुसरा मार्ग अन्नाचा. या रोगांत भूक मंदावते व तोंडाची चव जाते. आमच्याकडे प्रेम बहुधा ताटांतून व्यक्त होतें. ‘दोन घास तरी खा’ हा आग्रह थकलेल्या मुखांतून आला कीं त्याचा सूर बदलतो. रोगी नाहीं म्हणतो, करणारी रडते, आणि दोघांचाहि दिवस जातो. तिसरा मार्ग मौनाचा. रोगाचें नांव रोग्याला कळूं द्यावयाचें नाहीं, असें पुष्कळ घरांत ठरतें. रोग्याला बहुधा तें कळलेलें असतें, पण घरच्यांस दुःख नको म्हणून तोहि अजाणपणाचें सोंग घेतो. अशा रीतीनें एकाच खोलींत दोन माणसें एकमेकांस जपण्यासाठीं एकटीं पडतात.

हें ओळखणारी विचारधारा पश्चिमेंत सिसिली साँडर्स या बाईंनीं रूढ केली. त्यांनीं १९६७ सालीं लंडन येथें सेंट ख्रिस्तोफर आश्रम स्थापिला आणि रोग्याची वेदना केवळ शारीर नसते, तींत मन, कुटुंब व श्रद्धा यांचाहि भाग असतो, असें प्रतिपादिलें. मुंबईंत वांद्रें येथें १९८६ सालीं ‘शांति आवेदना सदन’ सुरू झालें. भारतांतील या प्रकारचा तो पहिला आश्रम होय. परंतु १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याच्या कडक अटींमुळें मॉर्फिनसारखें वेदनाशामक मिळविणें दुष्कर होऊन बसलें. २०१४ च्या दुरुस्तीनें त्या अटी सैल झाल्या. मधल्या काळांत असह्य वेदनेपुढें निरुपाय होऊन बसणें किती घरांच्या वांट्यास आलें असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

अलीकडील संशोधनहि याच दिशेला बोट दाखवितें. १९९९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, आजारी जोडीदाराची शुश्रूषा करून शिणलेल्या वृद्धांत चार वर्षांतील मृत्यूचें प्रमाण, शुश्रूषेचा भार नसलेल्यांपेक्षां ६३ टक्क्यांनीं अधिक आढळलें. कर्करोग्यांविषयींच्या २०१६ च्या दुसऱ्या एका पाहणींत, सेवा करणारें माणूस खिन्न असेल तर खुद्द रोगीहि आपल्या उपचारांविषयीं कमी समाधान व्यक्त करतो, असें दिसून आलें.

एकत्र कुटुंबांत हा प्रश्नच नव्हता, असें कित्येक म्हणतील. कबूल कीं माणसें पुष्कळ होतीं. पण त्यांतून सेवा बहुधा एकाच सुनेच्या वा विधवा बहिणीच्या वांट्यास येई, व तिचा शीण कर्तव्य या नांवाखालीं झांकला जाई. पुण्याच्या सेवासदनानें १९०९ नंतर स्त्रियांस परिचारिकेच्या शिक्षणाचा मार्ग खुला केला, तेव्हां शुश्रूषा ही शिकावयाची व मोबदल्यास पात्र अशी विद्या आहे, हें समाजाच्या गळीं उतरूं लागलें. घरांतील शुश्रूषेला मात्र तो मान अजून पुरता मिळालेला नाहीं.

उपाय फार गूढ नाहींत. पाळ्या वांटून घ्याव्या. भेटीस येणारानें फळांऐवजीं चार तास द्यावे, म्हणजे उशाशीं बसलेल्या माणसाला झोप मिळेल. वैद्यानें रोग्याची नाडी पाहिल्यावर शेजारच्या माणसाकडे वळून ‘तुम्ही कसे आहांत?’ असें विचारावें, आणि उत्तर ऐकण्यापुरतें थांबावें. चरकानें ज्याला चिकित्सेचा पाद म्हटलें, तो लंगडूं लागला तर उरलेल्या तिघांवर भार पडणारच. आणि त्या तिघांत सर्वांत दुबळा असलेल्या रोग्यालाच तो सर्वांत अधिक वाहावा लागतो.