सशाचा कोपरा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त आहे नातीचा ससा.

दिवाळीत तो घरी आला आणि आठ दिवसांत सूनबाईंनी निकाल दिला : हा गॅलरीतल्या पिंजऱ्यात राहील, नाहीतर परत जाईल. कारण उघड होते. दिवाणखाना, गादी, माझी वर्तमानपत्रांची चळत... सगळीकडे लेंड्या! मीही एकदा गुंडाळी करून जमिनीवर आपटली. तो मागचा पाय दाणकन आपटून कपाटाखाली जो गेला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही इतिहासाचे मास्तर ना? काहीतरी शोधा की!" लेंड्यांना कसला आलाय इतिहास, असे म्हणत शोधायला लागलो आणि निघाला.

पहिली गोष्ट म्हणजे, आभाळ पडले म्हणून पळणारा आपला माळरानावरचा ससा आणि हा पाळीव ससा एक नव्हेत. आपला ससा बीळ खणत नाही, गवतात बसण्यापुरती जागा करतो. पाळीव सशाचे मूळ स्पेन-पोर्तुगालकडचे. तो जमिनीखाली बिळे खणून कळपाने राहतो. मराठीत दोघांना एकच शब्द, त्यामुळे घोटाळा होतो. रोमन सम्राट हेड्रियनच्या नाण्यांवर स्पेनचे प्रतीक असलेल्या स्त्रीपाशी हाच ससा दिसतो. प्लिनी लिहितो की, बॅलेरिक बेटांवर सशांनी पिकांचा इतका फडशा पाडला की लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्य मागितले!

इथे एक कबुली देतो. इ.स. ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरीने सशाची पिले उपासाला चालतात असे ठरवले आणि त्यामुळे फ्रान्सच्या मठांत ससा माणसाळला, ही गोष्ट मी वर्गात रंगवून सांगत असे. २०१८ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिले की असे फर्मान नव्हतेच. तूरचा बिशप ग्रेगरी याने कुणीतरी उपासाच्या दिवसांत सशाची पिले खाल्ल्याचे लिहिले होते. पुढच्यांनी बिशपाचा पोप केला आणि नोंदीचे फर्मान! माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर दुरुस्ती करून घ्यावी.

माणसाने ससा पाळला तो मांसासाठी आणि कातड्यासाठी. मध्ययुगात इंग्लंडमध्ये त्याच्यासाठी मुद्दाम मातीची टेकाडे रचत. पुढे पिंजरे आले आणि तिथेच त्याच्या नावाला 'घाणेरडा' हा शब्द चिकटला. वास्तविक रानातले हे ससे बिळांबाहेर ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग करतात. ते त्यांचे हद्दीचे दगड, वासाने ओळखायचे. म्हणजे जागा ठरवण्याची सवय त्याला आधीपासून आहे. पिंजऱ्यात ठरवायला जागाच नसते, तो तरी काय करणार?

घरातल्या प्राण्यांसाठी 'कोपरा' विकत मिळू लागला तो अमेरिकेत. १९४७ साली मिशिगनमध्ये एड लो यांच्याकडे एक शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. राख वापरून घरभर काळी पावले उमटत होती. त्यांनी दिली दाणेदार मुलतानी माती आणि त्यातून मोठा धंदा उभा राहिला. सशाची पाळी उशिरा आली. मॅरिनेल हॅरिमन यांचे घरात ससा पाळण्यावरचे पुस्तक १९८५ साली निघाले आणि १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात 'हाउस रॅबिट सोसायटी' स्थापन झाली. ससा पिंजऱ्यात नव्हे, घरात राहू शकतो, हे लोकांना पटवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

आम्ही मग असे केले. आधी त्याला एकाच खोलीत ठेवले. कुठला कोपरा तो स्वतः निवडतो ते पाहिले आणि तिथेच पसरट घमेले ठेवले. तळाशी कागदाचे तुकडे, एका कडेला वाळलेले गवत, कारण ससा खाता खाताच लेंड्या टाकतो. इकडेतिकडे पडलेल्या लेंड्या उचलून घमेल्यात टाकल्या, फरशी व्हिनेगरच्या पाण्याने पुसली. मांजराची गोळा होणारी माती मात्र सशाला वापरू नये, पोटात गेली तर आतडे तुंबू शकते. वयात आलेला ससा हद्द आखतच राहतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने नसबंदीही करून घेतली.

महिन्याभरात बहुतेक कारभार घमेल्यात होऊ लागला. चार लेंड्या अजून कपाटाखाली सापडतात, पण सूनबाईंनी निकाल मागे घेतला आहे. पिंजरा गॅलरीत रिकामा पडला आहे, त्यात सध्या कांदे ठेवतो.

राहून राहून एकच वाटते. इतकी वर्षे वर्गात 'याला शिस्तच नाही' असे मी कितीजणांबद्दल म्हटले असेल! त्यांचा कोपरा कुठला, हे मात्र क्वचितच पाहिले.

असो. गवत संपले आहे, आणायला निघालो.