परतीच्या पक्ष्यांचा माग : पायातील कड्यापासून शेवटच्या नोंदीपर्यंत

बंगळुरू : लालबाग आणि कब्बन पार्कमधील उंच झाडांच्या शेंड्यांतून हिवाळाभर ऐकू येणारी हिरवट पर्ण वटवट्याची ‘चि-स्वी’ ही साद एप्रिलच्या अखेरीस थांबते. अवघ्या सात-आठ ग्रॅम वजनाचा हा पक्षी त्या सुमारास हिमालयातील आणि त्यापलीकडे थेट सैबेरियापर्यंत पसरलेल्या विणीच्या प्रदेशाकडे निघालेला असतो. तो नेमका कधी निघाला, हे त्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. पाहुणा पक्षी आला की तो दिवस लक्षात राहतो. तो गेला, हे मात्र काही दिवस न दिसल्यावरच कळते. परतीच्या स्थलांतराच्या अभ्यासातील ही मूळ अडचण आहे. ती दूर करण्याचे दोन मार्ग आहेत : पक्ष्याच्या पायात कडे घालणे आणि नागरिकांनी सातत्याने नोंदी ठेवणे. बंगळुरूने दुसऱ्या मार्गावर भर दिला.

कड्याने काय कळते?

पक्ष्यांच्या पायात क्रमांकित कडी घालण्याच्या शास्त्रीय पद्धतीची सुरुवात डेन्मार्कमधील शिक्षक हान्स ख्रिश्चन मोर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये केली. लहान पक्ष्यांसाठी झाडीत अतिशय बारीक धाग्याचे, सहज न दिसणारे उभे जाळे लावतात. त्यात अडकलेला पक्षी अलगद सोडवून कापडी पिशवीत ठेवला जातो. पंखांची लांबी, वजन, पिसे बदलण्याची अवस्था आणि त्वचेखालील चरबी नोंदवून ॲल्युमिनियमचे हलके कडे पायात घातले जाते व पक्षी लगेच सोडला जातो. परतीच्या प्रवासापूर्वी लहान पक्षी भराभर चरबी साठवतात. त्यामुळे वसंतातील वजनवाढ ही प्रस्थान जवळ आल्याची खूण ठरते.

तोच पक्षी पुन्हा सापडला, तर कड्यावरील क्रमांकावरून त्याचा प्रवास आणि किमान वय कळते. मात्र, लहान गाणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत दूरवर पुन्हा सापडण्याचे प्रमाण शंभरात एकही नाही, इतके अल्प आहे. असे असले, तरी लहान स्थलांतरित पक्षी वर्षानुवर्षे त्याच जागी परततात, हे निर्विवादपणे सिद्ध झाले ते कड्यांमुळेच. दक्षिण भारतात हिरवट पर्ण वटवट्यांना रंगीत कडी घालून झालेल्या अभ्यासातूनही महत्त्वाची गोष्ट समोर आली. हा पक्षी हिवाळ्यात वाटेल तेथे भटकत नाही. ठरावीक झाडांचा ताबा घेतो आणि सतत साद घालून इतरांना दूर ठेवतो. आपल्याला ऐकू येणारी साद म्हणजे एका परीने त्याची मालकीची घोषणाच असते.

धार ते क्यासनूर

भारतात या कामाचा आरंभ मराठी वाचकांना परिचित असलेल्या धार संस्थानात झाला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) पुढाकाराने १९२६-२७ मध्ये धारच्या महाराजांच्या सहकार्याने पक्ष्यांना कडी घालण्यात आली. परंतु या कामाला व्यापक स्वरूप मिळाले ते कर्नाटकातील एका साथीमुळे.

शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडे मरू लागली आणि माणसांनाही तीव्र ताप येऊ लागला. पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील संशोधकांनी या आजाराचा विषाणू शोधला. गोचिडांद्वारे पसरणाऱ्या या विषाणूचे रशियातील मेंदूज्वराच्या विषाणूशी साम्य आढळल्याने, सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांनी बाधित गोचीड आणले असावेत, अशी शंका उपस्थित झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये ‘बीएनएचएस’चा पक्षी स्थलांतर अभ्यास प्रकल्प सुरू झाला, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. पक्ष्यांवरील आरोप सिद्ध झाला नाही. मात्र, त्या निमित्ताने भारतातून जाणाऱ्या पक्ष्यांच्या मार्गांची पहिली भरीव माहिती हाती आली. सापडल्यास मुंबईला कळवावे, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर कोरलेली कडी घेऊन हे पक्षी आशियाभर पोहोचले.

स्वयंसेवकांना मर्यादा का?

ब्रिटनमध्ये कडी घालण्याचे काम प्रामुख्याने प्रशिक्षित व परवानाधारक स्वयंसेवक करतात. त्यांची संख्या अडीच हजारांच्या घरात आहे. भारतात परिस्थिती वेगळी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राणी-पक्षी पकडणे हेही ‘शिकार’ या व्याख्येत येते. संशोधनासाठी पक्षी पकडायचा असल्यास पूर्वपरवानगी अनिवार्य आहे. हे बंधन आवश्यकच आहे. कारण जाळे वेळेवर तपासले नाही किंवा पक्षी चुकीच्या पद्धतीने धरला, तर त्याच्या जिवावर बेतते. परिणामी हे काम येथे संशोधन संस्थांपुरते मर्यादित राहिले.

सामान्य निरीक्षकाला कड्याच्या कामात एक भूमिका मात्र निश्चित आहे : घातलेले कडे वाचणे. मंगोलियात मानेभोवती सांकेतिक अक्षरांचे पट्टे घातलेले पट्टकादंब हंस म्हैसूरजवळच्या हदिनारू तलावावर आढळले, तेव्हा त्यांच्या प्रवासाचा दुवा दुर्बिणीतून पट्टा वाचणाऱ्यांमुळेच जुळला. पायात कडे असलेला पक्षी दिसल्यास त्याला न पकडता स्पष्ट छायाचित्र घ्यावे आणि रंग, क्रमांक, ठिकाण व तारीख ‘बीएनएचएस’ला कळवावी.

बंगळुरूचा मार्ग

बंगळुरूत हौशी पक्षीनिरीक्षणाची परंपरा जुनी आहे. जफर फतेहअली यांनी मुंबईत सुरू केलेले ‘न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स’ हे नियतकालिक पुढे याच शहरातून निघू लागले. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लालबागेत भरणाऱ्या निरीक्षण फेरीने अनेक पिढ्या घडवल्या. या पायावर २००७ मध्ये येथील नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस आणि ‘इंडियन बर्ड्स’ या नियतकालिकाने ‘मायग्रंटवॉच’ हा उपक्रम सुरू केला. निवडक स्थलांतरित पक्षी मोसमात प्रथम कधी दिसले आणि शेवटचे कधी दिसले, एवढेच देशभरातील नागरिकांना विचारण्यात आले. पुढे या नोंदी ‘ईबर्ड’ या जागतिक व्यासपीठाकडे वळल्या.

या पद्धतीतही एक खोच आहे. दहाऐवजी शंभर निरीक्षक फिरू लागले, तर रेंगाळलेला एखादा पक्षी कोणाच्या तरी नजरेस पडतोच आणि ‘शेवटची तारीख’ पुढे सरकते. प्रत्यक्षात पक्ष्यांच्या वेळापत्रकात काहीही बदललेले नसते. म्हणून आता केवळ तारखेपेक्षा पूर्ण यादीला महत्त्व दिले जाते. ठरावीक वेळेत दिसलेल्या व ऐकू आलेल्या सर्व जाती नोंदवल्या, तर यादीत नसलेला पक्षीही माहिती देतो. एप्रिलच्या प्रत्येक आठवड्यात शंभर याद्यांपैकी किती याद्यांत वटवट्या आहे, हे पाहिले की त्याचे प्रस्थान आलेखावर स्पष्ट उमटते. पक्षी गेल्यानंतरही त्याच बागेत जाऊन यादी करणाऱ्याचे काम त्यामुळेच मोलाचे ठरते.

पणाला काय लागले आहे?

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३’ हा अहवाल ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर आधारलेला आहे. दीर्घ पल्ल्याचे स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांमध्ये स्थानिक पक्ष्यांच्या तुलनेत अधिक घट झाल्याचे त्यात दिसून आले. या पक्ष्यांना विणीची जागा, वाटेतील थांबे आणि हिवाळी मुक्काम, अशा तिन्ही ठिकाणी निवारा लागतो. यांतील एक जरी नष्ट झाला, तरी साखळी तुटते. बंगळुरूतील रस्त्याकडेची जुनी झाडे ही या साखळीतील हिवाळी कडी आहे. एकेक वटवट्या ठरावीक झाडांवरच हिवाळा काढत असेल, तर त्या झाडांच्या तोडीने परतणाऱ्या पक्ष्याचे घरच नाहीसे होते.

कडे एका पक्ष्याची कहाणी सांगते, तर नोंदी संपूर्ण जातीचे वेळापत्रक उलगडतात; एकाचे काम दुसऱ्याने भागत नाही. जाळे लावण्यासाठी परवानगी व प्रशिक्षण हवे. यादीसाठी मात्र दुर्बीण, सादेची ओळख आणि त्याच ठिकाणी पुन्हा जाण्याची चिकाटी पुरेशी आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात लालबागेत वटवट्याची साद ऐकू आली नाही, ही नोंदही तितक्याच काळजीने करावी लागते. सप्टेंबरमध्ये ती साद पुन्हा आली की नाही, हे त्या नोंदीच्या आधारेच सांगता येणार आहे.