फाँट, देवनागरी
संगणक-जालातील आलेखी टर्मिनलांवर देवनागरी लिपी उमटविणारा मुद्राक्षरसंच. १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी येथे सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीत १९९१ पासून फाँट-सर्व्हरद्वारे अनेक टर्मिनलांना फाँट पुरविता येऊ लागले. रोमन लिपीस तेवढे पुरेसे होते. देवनागरीत मात्र ‘कि’ मधील वेलांटी ‘क’ नंतर साठविली जाऊनही त्याच्या डावीकडे उमटते, तर ‘क्ष’ तीन संकेतांनी बनतो. छापखान्यातील जुळारी ही जुळणी नजरेनेच करी. त्यामुळे फाँट बसवूनही मजकूर विस्कटलेला दिसे. मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने (पुढे सी-डॅकमध्ये विलीन) ‘इंडिक्स’ प्रकल्पाद्वारे जुळणीचे नियम या प्रणालीत अंतर्भूत केले. सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचा ‘रघु’ हा फाँट त्याच केंद्रातील होय.